तिथलान

आठवीच्या पुस्तकात त्या शहराला एकच चौकट आहे,
डाव्या कोपऱ्यात, प्रश्नांच्या आधी.
नाव वाचताना राजल माळचेची जीभ अडली:
टेनोच्... टिट्... मग तो म्हणाला, तिथलान.
वर्गानं तेच ठेवलं.

एप्रिलात पांझरा म्हणजे गोटे, आणि मधे एक ओली रेघ.
साक्रीच्या वर, बंधाऱ्याखालच्या डबक्यात
आम्ही तिथलान बांधायला घेतलं:
बावीस पोरं, दोन घमेली, एक मी.
आधी बेट. मग काठापर्यंत मातीचे तीन रस्ते,
मधे मधे तोडलेले,
तोडलेल्या जागी कुल्फीच्या काड्या,
शत्रू आला की उचलायच्या.
पाण्यातली शेतं:
कुडाच्या चौकटीत तळाचाच गाळ उपसून भरलेला,
कोपऱ्याला वाळुंजाची एकेक डहाळी,
मुळांनी माती धरावी म्हणून.
मधोमध बांधावरून तोडून आणलेलं
फड्या निवडुंगाचं पान.
त्यावर गरुड हवा होता.
कैवल्यनं प्लॅस्टिकची कोंबडी बसवली.

हिलाल आबा सांडव्यावर बसून बघत होते.
चाळीस वर्षं या थळाचे पाटकरी;
कुणाच्या वाफ्याला पाणी किती वाजता लागेल
हे घड्याळाआधी त्यांच्या फावड्याला कळायचं.
खाली उतरले. "हाई कथलं?"
"तिथलान!" पोरं ओरडली.
"तथलं ते तथलं. पन पेवाले पानी कथाईन येस?"

मी टेकडी दाखवली, सिमेंटच्या गोणीवर रचलेली.
तळ्याचा एक भाग खारा, म्हणून मधे लांब बांध,
आणि गोडं पाणी या टेकडीच्या झऱ्यावरून,
ठिबकच्या नळीचे दोन तुकडे, शेजारी शेजारी.
"पाट दोन कसाले?"
मी तोंड उघडायच्या आत त्यांचं डोकं हललं.
"एकमा गाळ काढतस. दुसरा चालू."
आणि ते गोट्यांवर मांडी घालून बसलेच.
हे त्यांच्या आज्याला सुचलं असतं तर
दर पौषात आठ दिवस फड कोरडा पडला नसता,
असं ते म्हणाले नाहीत.
नळीखाली दोन बोटं घातली, उतार पाहिला,
पाण्याला इतकी घाई नको, म्हणाले,
आणि टेकडी चार बोटं खाली दाबली.

मग मला शेवट सांगावा लागला.
बाहेरून आलेल्यांनी तळ्यात तेरा गलबतं घातली.
पण त्याच्याही आधी टेकडीपाशी पाट तोडला.
राजल म्हणाला, आधी रस्ते का नाही तोडले, सर?
उत्तर आबांनीच दिलं:
"गाव लेनं व्हई ना, ते पयले पाट फोडतस."
अडीच महिने शहर तहानेलं लढलं.
पुढे नव्या मालकांनी तळंच उपसून टाकलं,
त्यात शेकडो वर्षं गेली.
आज त्या जागेवरचं शहर दरवर्षी थोडं खचतं,
खालचं पाणी ओढतात म्हणून.
"बोअरनी?" मनस्वी नांद्रेनं विचारलं.
हो, म्हटलं.
ती काही बोलली नाही. तिच्या मळ्यात तीन आहेत,
तिसरी सातशे फुटांची.

रात्री वरच्या धरणातून आवर्तन सुटलं.
सकाळी बेट नाही, रस्ते नाहीत,
गोणी बाभळीला अडकलेली.
कोंबडी पुलाच्या मोरीत सापडली, चोच शाबूत.
पोरं हसली; दोघीतिघी नाही हसल्या.

पंधरा दिवसांनी बंधाऱ्यावर गेलो, तर
जुन्या पाटाला लागून एक नवी चर खणलेली.
वीसेक हात सरळ, दोन बोटांच्या उतारानं,
आणि भदाण्यांच्या बोअरचा पाइप आडवा येतो
तिथे थांबलेली.
फावडं तिथेच उभं होतं.
आबा घरी जेवायला गेले होते.